फरसाणवाल्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत

पंचवीस वर्षं मी बडोद्याच्या रस्त्यांवर एकच गाणं वाजवलं आणि ते ऐकून एकाही माणसानं कधी 'पुन्हा एकदा' म्हटलं नाही. स्कूटरवाले बाजूला व्हायचे. भाजीवाली तराजू तसाच सोडून पदर डोक्यावर घ्यायची. लारीपाशी, म्हणजे हातगाडीपाशी, उभा राहून पाणीपुरी खाणारा माणूस गालात पुरी धरून हात जोडायचा, कारण गिळावी तरी पंचाईत आणि थुंकावी तरी पंचाईत. मी एका ट्रस्टच्या शववाहिनीवर ड्रायव्हर होतो. आमचे आजोबा संस्थानच्या घोडदळात होते. त्यांना बघून रस्त्यातली माणसं बाजूला व्हायची असं आमच्या घरी फार अभिमानानं सांगत. माझ्यासाठीही व्हायची. कारण वेगळं होतं, एवढंच.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी लिहा म्हणून आग्रह झाला, तेव्हा संपादक म्हणाले, "दत्ताभाऊ, तुमच्या कामाचं लिहा. पण दिवाळीचा अंक आहे, फार रडवू नका." मी म्हटलं, काळजी नसावी. दोन वर्षं झाली निवृत्त होऊन, अजून माझा थकवा गेलेला नाही, आणि रडायलाही अंगात थोडी उमेद लागते.

आधी काम काय असतं ते सांगतो, कारण लोकांना वाटतं गाडी चालवली की झालं. ट्रस्टच्या ऑफिसात फोन यायचा. डॉक्टरांचा दाखला झालाय का, माणसं किती, जिना अरुंद आहे का, तिसऱ्या मजल्यावरून आणायचंय का, हे सगळं विचारून घ्यायचं. जिन्याचं न विचारता मी एकदा गेलो आणि वळणावर ननामी अडकली. ननामी म्हणजे तिरडी, आमच्याकडे मराठी घरांतही आता हाच शब्द चालतो. दारापाशी गाडी लावायची ती तोंड रस्त्याकडे करून. घेऊन निघाल्यावर गाडी मागे घ्यायची नाही, लोकांना ते चालत नाही. फुलं काचेवर ठेवू द्यायची नाहीत, समोरचं दिसत नाही. घाई करायची नाही आणि रेंगाळायचंही नाही.

आणि धून. आमच्या गुजरातेत शववाहिनीवर रामधून वाजते. छतावर भोंगा, ड्रायव्हरच्या हाताशी बटण. मागचं दार लागलं की चालू करायची, स्मशानाच्या फाटकाशी बंद करायची. मध्ये तुटू द्यायची नाही. हॉस्पिटलसमोर आवाज लहान करायचा, पण बंद नाही. घरच्यांची भावना अशी असते की घरापासून चितेपर्यंत माणसाबरोबर नाव अखंड चाललं पाहिजे. परत येताना गाडी रिकामी, तेव्हा गप्प. एवढे नियम मी डोळे मिटूनही पाळले असते.

आमची धून एका जुन्या भजनमंडळानं ट्रस्टला म्हणून दिलेली होती. पेटी, मंजिरा आणि आठ-दहा गळे. त्या रेकॉर्डिंगमध्ये एक माणूस खोकतो. अकरा मिनिटांची धून, ती फिरून फिरून वाजायची, आणि दर वेळी साधारण मध्यावर हा गृहस्थ खाकरून मोकळा व्हायचा. टेप गेली, सीडी आली, मग पेनड्राइव्ह आला, खोकला तेवढा कायम राहिला. कोण होता, जिवंत आहे का, काही माहीत नाही. पंचवीस वर्षं मी त्याच्याबरोबर काढली. बायकोपेक्षा त्याचा आवाज जास्त ऐकला असेल.

चाल म्हणाल तर अगदी साधी, गोड. देवळात रामनवमीला लोक हीच चाल टाळ्या वाजवून म्हणतात, बायका डोलतात. तीच माझ्या भोंग्यातून आली की माणसं टाळी विसरून हात जोडतात. मला सुरुवातीला याचं नवल वाटायचं, पुढे राग यायला लागला. एकदा आमच्या रावपुऱ्यातल्या देवळात मी उत्साहानं टाळ उचलला, तर शेजारच्या वहिनी हळूच म्हणाल्या, "दत्ताभाऊ, तुम्ही नुसते बसा हं. तुम्ही म्हणायला लागलात की कसंतरीच होतं." त्यांनी काही वाईट मनानं म्हटलं नव्हतं. मी टाळ खाली ठेवला. त्यानंतर देवळात धुनेला बसलो नाही. घरी लताला, म्हणजे माझ्या बायकोला, वर्षभर हे सांगितलंही नाही.

टेपच्या काळातली एक गंमत सांगतो, तेवढंच संपादकांचं मन राहील. उन्हाळ्याचे दिवस, रावपुऱ्यातली दुपार, गर्दीत गाडी मुंगीच्या पावलानं चाललेली. उन्हानं टेप ताणली गेली आणि धून खाली खाली जायला लागली. आठ-दहा गळे एकदम विहिरीच्या तळातून बोलल्यासारखे. लांबलचक, जाड, घोगरे. साडीच्या दुकानाच्या पायरीवर एक म्हातारी मटकन खाली बसली. दोन दुकानदारांनी चक्क शटर ओढलं. मी घाबरून टेपवर मूठ मारली, तर ती पळायलाच लागली, सगळी मंडळी शेवटची बस पकडायला निघाल्यासारखी. मला वाटलं आता घरचे मला मारणार. मागे मयताचा धाकटा भाऊ बसला होता, तो हसायला लागला. हसता हसता रडायला लागला आणि म्हणाला, "मोटाभाई होत ने, तो आज हसी हसीने बेवड वळी जात." मोठा भाऊ असता तर हसून हसून दुमडला असता म्हणे. त्या एका फेरीत कोणी माझ्या धुनेला घाबरलं नाही, निदान गाडीच्या आतलं तरी.

कोरोनाच्या काळाबद्दल मी लिहिणार नाही. एकच सांगतो. तेव्हा ट्रस्टनं धून बंद ठेवायला सांगितली होती, कारण ती दिवसभर थांबलीच नसती. गाड्या गुपचूप जायच्या. मला वाटलं होतं, लोकांना बरं वाटेल. पण खिडक्यांतून माणसं बघायची ती जास्तच भेदरलेली. मला तेव्हाच कळायला हवं होतं. नाही कळलं.

आता ज्या गोष्टीसाठी हा कागद हातात घेतला ती.

कोरोना ओसरून बराच काळ झाला होता, माझं निवृत्तीचं वर्ष जवळ आलं होतं. उत्तरेकडच्या फेऱ्या मी निजामपुऱ्यातून आणायचो. एका दुपारी रिकामी गाडी घेऊन परत चाललो होतो, तर रस्त्याच्या कडेला सत्तरीच्या एक बाई हात दाखवत उभ्या. शववाहिनीला हात दाखवून कोणी थांबवत नाही. मी थांबलो.

"शुं थयुं, बेन?" मी विचारलं.

"मराठी आहात का?" त्या म्हणाल्या. गाडीवर माझं नाव थोडंच लिहिलेलं होतं, माझ्या गुजरातीवरून ओळखलं असणार.

पाटणकर काकू. नवरा एका मोठ्या कारखान्यातून निवृत्त झालेला, नोकरीसाठी तिकडून महाराष्ट्रातून आलेली माणसं, इथलीच होऊन गेलेली. समोरच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर घर. काकांची फुप्फुसं निकामी होत चालली होती, नाकाला नळी, शेजारी ऑक्सिजनचं मशीन. डॉक्टरांनी काही महिने सांगितले होते.

"तुमची गाडी आली की ते भिंतीकडे तोंड करतात," काकू म्हणाल्या. "काही बोलत नाहीत. पलंगाची कड धरून ठेवतात. दिवसातून दोनदा, कधी तीनदा. दुसऱ्या खोलीत हवा नाही हो, नाहीतर तिकडे हलवलं असतं. एवढ्या पट्ट्यात बंद नाही का करता येणार? या फरसाणवाल्यापासून त्या पाण्याच्या टाकीपर्यंत?"

मी म्हटलं, "काकू, आवाज लहान करतो."

"लहान केला तरी ऐकू येतो. त्यांचे कान तिकडेच असतात. भाऊ, मी तुमच्या पाया पडते."

मी नियम सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण माझी आई शेवटचे तीन महिने अंथरुणाला खिळली होती, तेव्हा मी आमच्या गल्लीवरून गाडीच नेली नव्हती. लांबून वळसा घालून जायचो. आईसाठी नियम वाकवलेल्या माणसानं दुसऱ्याच्या नवऱ्यासाठी तोंड वर करून नाही कसं म्हणायचं?

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. फरसाणवाल्याची कढई दिसली की बटण बंद. टाकीचा कठडा दिसला की चालू. रहदारी धरून दीड मिनिट. मागे बसलेल्यांना बहुतेक कळत नसे, आपल्याच दुःखात असत. कोणी विचारलंच, तर मी म्हणायचो, "पेनड्राइव्ह अडकतो इथं." इथंच का अडकतो, असं कोणी विचारलं नाही. मेलेल्या माणसाच्या घरच्यांशी खोटं बोलणं फार सोपं असतं. ते मी आठ महिने बोललो, आणि त्याची लाज आज वाटते तेवढी तेव्हा वाटली नाही. काकू खिडकीतून हात जोडायच्या. मला वाटायचं, चला, या धंद्यात कोणाला तरी आपल्यामुळे बरं वाटलं.

मग सावली गावाकडचा एक मुलगा भेटला. मुलगा म्हणजे पन्नाशीचा गृहस्थ, शेती आणि एक छोटं वर्कशॉप असलेला. आई निजामपुऱ्यात बहिणीकडे वारली होती. तो माझ्या शेजारी पुढे बसला होता, डोळे मिटून, धुनेबरोबर ओठ हलवत. फरसाणवाला आला. मी बटण दाबलं.

त्यानं डोळे उघडले. "केम बंध कर्युं?"

"पेनड्राइव्ह अडकतो इथं."

त्यानं माझ्या हाताकडे बघितलं. हात अजून बटणावरच होता. "में जोयुं, काका. तमे बंध कर्युं." मी पाहिलं म्हणाला. टाकीपाशी मी धून पुन्हा चालू केली, ती त्यानं ऐकून घेतली. मग म्हणाला, "माझी आई पंचावन्न वर्षं रोज माळ करायची. तापात असली तरी चुकवली नाही. आज तिला स्वतःला म्हणता येत नाही, तर तुम्ही तिचं नाव रस्त्यात तोडलंत." हे तो गुजरातीत म्हणाला, पण मला ते कायम मराठीतच ऐकू येतं. मी काय सांगणार होतो? एक जिवंत माणूस घाबरतो म्हणून तुझ्या आईची धून तोडली?

त्यानं तक्रार केली. करायलाच हवी होती. ट्रस्टचे मॅनेजर हसमुखभाई, वीस वर्षांची ओळख, मला 'तुम्ही' म्हणत आले, त्या दिवशीही 'तुम्ही'च म्हणाले. मी सगळं खरं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"दत्ताभाई, जिवतानुं विचारवुं पडे, ए साचुं. पण आपणी गाडी तो मरेलानी छे." जिवंतांचा विचार करायचा हे खरं, पण आपली गाडी मेलेल्यांची आहे. "त्यांच्या बाजूनं बोलायला दुसरं कोण आहे? पुन्हा असं झालं तर मला तुम्हाला गाडीवरून उतरवावं लागेल. निवृत्तीला चार महिने राहिलेत. कशाला?"

ते बरोबर बोलत होते. सावलीवाला बरोबर होता, काकूही बरोबर होत्या. सगळेच बरोबर असले की ड्रायव्हरनं काय करायचं, हे कुठल्या लायसन्सवर लिहिलेलं नसतं.

आता काकूंना जाऊन सांगणं भाग होतं. गाडी मी दोन गल्ल्या लांब उभी केली, कारण आजारी माणसाच्या दाराशी शववाहिनी लागलेली कोणाला आवडेल? खाकी शर्टावर स्वेटर चढवला. मार्च उजाडला होता, जिना चढेपर्यंत घामाघूम झालो.

काकूंनी दार उघडलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. आतून आवाज आला, "कोण आहे गं?"

"केबलवाला," काकू म्हणाल्या.

"केबलवाला कुठला? खालून येताना दिसला मला, धूनवाला आहे. आत येऊ दे त्याला."

काका खिडकीशी उशांना टेकून बसले होते. हडकुळे, नाकाला नळी, पण डोळे लख्ख. मशीन शेजारी घुरघुरत होतं. "बसा," ते म्हणाले. "रोज बघतो तुम्हाला वरून. खिडकीबाहेर काढलेलं टक्कल उन्हात चांगलं चकाकतं तुमचं."

मी बसलो. काकू दारातच उभ्या राहिल्या. मी जगताप म्हणून नाव सांगितलं आणि कसाबसा विषय काढला, की यापुढे जमणार नाही, वरून सांगितलंय. काका ऐकत होते. माझं झाल्यावर म्हणाले, "म्हणजे हिनं सांगितलं होतं तर बंद करायला. मला वाटलंच."

"तुम्हाला त्रास होत होता," काकू म्हणाल्या.

काका मध्ये मध्ये थांबून, श्वास गोळा करून बोलत होते. "जगताप, मी कारखान्यात सेफ्टीला होतो. आमच्याकडे दर सोमवारी अकरा वाजता सायरन वाजायचा. नुसती चाचणी. नवीन आलेले पोरगे दचकायचे. मग सवय व्हायची, त्याच्यावर घड्याळं लावायचे लोक. एकदा सोमवारी अकराला तो वाजलाच नाही. तार तुटली होती कुठेतरी. पाच मिनिटांत अर्धा कारखाना गेटवर! काय झालं, काय झालं? वाजला तेव्हा कोणी पळालं नव्हतं हो कधी."

त्यांनी नाकाची नळी नीट बसवली.

"तुम्ही लांबून येता, मला ऐकू येतं. धून येतेय, येतेय. फरसाणवाल्यापाशी आली की बंद. मग नुसतं गाडीचं घरघरणं माझ्या खिडकीखालून जातं. टाकीपाशी पुन्हा चालू. अहो, धून वाजत असली तर कोणीतरी माणूस चाललाय, बिचारा जातोय, जाऊ दे. पण ती माझ्याच दारात गप्प झाली की? ते माझ्यासाठी असतं. आठ महिने रोज दोनदा मला कळवलं जातंय, की बाबा रे, तुझं जवळ आलंय, म्हणून आम्ही आवाज करत नाही."

मला खुर्चीत बसवेना. आठ महिने ज्याला माझ्यामुळे बरं वाटतंय असं समजत होतो, त्याला मी रोज भीती नेऊन पोचवत होतो. आणि त्यासाठी कितीतरी मेलेल्यांची धून तोडली होती.

"मग त्याच्याआधी तुम्ही भिंतीकडे तोंड का करत होता?" काकूंनी विचारलं. त्यांचा आवाज चढला होता.

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. "कारण धून आली की तू हातातलं काम टाकून या दारात येऊन उभी राहायचीस. आणि माझ्याकडे बघायचीस. धून मला काही करत नव्हती, सुमन. तुझं तोंड बघवत नव्हतं."

काकू आत गेल्या. स्वयंपाकघरात भांडं ठेवल्याचा आवाज आला. चहा आला नाही.

"वाजवा तुम्ही," काका मला म्हणाले. "आणि माझी पाळी आली की दारापासून वाजवा. तो मध्येच खोकणारा माणूस आहे ना, त्याच्यासकट. मला तो आवडतो. सगळ्यांचं चाललंय भक्तिभावानं आणि त्याचा घसा बसलाय."

पंचवीस वर्षांत त्या खोकल्याबद्दल माझ्याशी बोललेला हा एकच माणूस. मी शब्द दिला.

जिन्यात काकू मागून आल्या. "ते म्हणताहेत तर वाजवा," त्या म्हणाल्या. "पण खरं सांगू का, मला नाही ऐकवत. मलाच नाही ऐकवत हो." आठ महिन्यांपूर्वी रस्त्यावर त्यांनी हेच सांगितलं असतं तर? पण तेव्हा त्यांना स्वतःलाही कुठे माहीत होतं.

तीन आठवडे मी धून न तोडता गेलो. वरच्या खिडकीतून काका दोन बोटं उचलायचे. काकू दिसायच्या नाहीत, आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेत असाव्यात. चौथ्या आठवड्यात एका सकाळी दहाच्या सुमारास ऑफिसात फोन आला. पत्ता ऐकून मी हसमुखभाईंना म्हटलं, ही फेरी माझी.

गाडी दारात लावली, तोंड रस्त्याकडे. पाटणकरांची मुलगी पुण्याहून आली होती. चार शेजाऱ्यांनी काकांना खाली आणलं, जिना सरळ होता, वजन काहीच नव्हतं. काकू म्हणाल्या, मी येणार. कोणी नको म्हटलं नाही. त्या मागे काकांच्या उशाशी बसल्या, ते चौघे शेजारी बाकावर बसले, मुलगी पुढे माझ्या शेजारी. मागचं दार लागलं.

आता बटण दाबायचं. मी आरशात बघितलं. काकू बटणाची वाट बघत असल्यासारख्या ताठ बसल्या होत्या, दोन्ही हातांनी बाकाची कड घट्ट धरून. डोळे माझ्या पाठीवर. मेलेल्याला शब्द दिलेला आणि जिवंत बाई समोर. हसमुखभाईंचं वाक्य मला पाठ होतं. सावलीवाल्याच्या आईची माळ आठवत होती. एवढं सगळं माहीत असून माझा हात उचलला नाही. मी गिअर टाकला आणि गाडी तशीच निघाली.

पंधरा-वीस पावलं गेलो असू. मुलगी म्हणाली, "काका, धून?"

माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "पेनड्राइव्ह अडकतो इथं."

मागे काकूंनी ते ऐकलं. त्यांना ते खोटं असल्याचं माहीत होतं, आणि कोणासाठी आहे तेही माहीत होतं. खाली इंजिनाची घरघर तेवढी. आठ महिने काकांना वरून जे ऐकू येत होतं ते मी पहिल्यांदा आत बसून ऐकलं, आणि मला ते सोसेना. बटणाकडे हात नेला.

तेवढ्यात मागून काकू म्हणायला लागल्या.

आधी मला वाटलं, रडताहेत. मग चाल ओळखू आली. आवाज बारीक, फाटका, सूर कुठल्या कुठे. एक ओळ झाली, दुसरी झाली. शेजाऱ्यांपैकी कोणी साथ द्यायला धजलं नाही. त्या एकट्याच म्हणत होत्या. मध्येच त्या थांबल्या, जोरात खाकरल्या, आणि पुन्हा तिथूनच धरलं. माझ्या शेजारी मुलीनं तोंडावर ओढणी धरली. मग मागचे एकेक जण म्हणू लागले. टाकीचा कठडा आला आणि गेला. मी बटणाला हात लावला नाही. काकांनी मागितलेली धून ती नव्हती, मी दिलेला शब्द पाळला नाही, हे खरंच आहे. त्याबद्दल मी कोणाकडे माफी मागायची ते मला अजून कळलेलं नाही.

सगळ्या रस्त्यात धून तुटली नाही. स्कूटरवाले नेहमीसारखे बाजूला होत होते, पण गाडीवरचा भोंगा गप्प आणि आतून माणसांचा आवाज, म्हणून थोडे गोंधळून बघत होते. स्मशानाचं फाटक आलं. इथं बंद करायची असते. मी गाडी उभी केली, खाली उतरलो, मागे जाऊन दार उघडलं आणि उभा राहिलो. बाकीचे थांबले होते. काकू थांबल्या नव्हत्या. त्या गातच खाली उतरल्या.